"थे थिअरी काहून शिकाची, मॅडम?"

"मले शूटिंग जमते, एडिटिंग जमते. मंग थे थिअरी काहून शिकाची?"

दारव्हा तालुक्यातली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) डिजिटल मीडियाच्या पदवीला आहे, सिद्धांताच्या पेपरात नापास. हा प्रश्न घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी येतंच.

आधी मीच चुकले. तिला अभ्यासाचं वेळापत्रक आखून दिलं. पंधरा दिवसांनी ते तसंच कोरं परत आलं. वहीत उद्दिष्टं लिहिली होती : 'माध्यम सिद्धांत समजून घेणे. चांगले व्हिडिओ बनवणे.' समजलं की नाही, हे कळायचं कसं?

म्हटलं, तुझं काम दाखव. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग, गाडीवर बसलेले वडील; चाळीस सेकंदांचा व्हिडिओ.

"लोक काय म्हणाले?"

"मले बाबाची मेहनत दाखवाची होती. मैत्रीण म्हणे, मेहनत दिसली, पण भाव काय भेटला थे सांगतलंच नाही. अन् काका भडकला, आपली गरिबी चव्हाट्यावर काहून मांडली म्हणून."

तिच्या पेपरातला माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल १९७३ मध्ये हेच सांगत होता. करणारा एक अर्थ भरतो; पाहणारा तो तसाच घेतो, थोडा मानून थोडा नाकारतो, नाहीतर पार उलटा लावतो.

"म्हंजे आमचा काका पेपरात येते?" ती पहिल्यांदाच हसली.

मग उद्दिष्टं नव्याने लिहिली. महिनाभरात तोच व्हिडिओ तीन घरी दाखवायचा, कोणी काय अर्थ घेतला ते टिपायचं, पुन्हा कापायचा आणि प्रत्येक कट का केला ते पानभर लिहायचं. ट्यूबलाइटखालच्या शूटिंगमध्ये पट्टे यायचे. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यामुळे ट्यूबलाइट लुकलुकते; म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवून फरक पाहायचा. तिसरं तिनेच सुचवलं. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली, तेव्हा तिच्या मावसभावाचे सगळे फॉलोअर एका रात्रीत गेले होते. आपलं काम दुसऱ्याच्या अ‍ॅपवर असतं म्हणजे नेमकं कोणाच्या हातात असतं, हे त्याच्याशी बोलून लिहायचं.

वडिलांनी नोकरीचं विचारलं. हमी मी देत नाही. पदवीनंतर अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, एवढं सांगितलं.

पेपर पुन्हा द्यायचाय. काका अजून रागातच आहे, पण त्याचं म्हणणं तिने वहीत शब्दशः उतरवलंय, शिव्यांसकट.