‘जलद’, ‘झटपट’ की ‘चोरटी’? फ्री किकच्या एका विशेषणाविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरुच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीत बंगळूरुच्या सुनील छेत्री यांनी केरळ ब्लास्टर्सविरुद्ध फ्री किकवर (म्हणजे फाउलबद्दल विरुद्ध संघाला मिळणाऱ्या किकवर) जो गोल केला, त्याचे वर्णन कोणी ‘जलद फ्री किक’, कोणी ‘झटपट फ्री किक’, तर कोणी ‘शिट्टीपूर्वीच गोल’ असे केलेले आपण वाचले, आणि आपले मित्र तर तिला सरळ ‘चोरटी’ म्हणतात. यांपैकी नेमका शब्द कोणता, आणि पंचांचा निर्णय ‘वादग्रस्त’ होता असे लिहिताना आपण तो चुकला असे म्हणतो काय, हे आपल्याला हवे आहे.

‘जलद’ मी प्रथमच बाजूला ठेवतो, आणि त्याला कारण क्रिकेट आहे. ‘जलद गोलंदाज’ या जोडशब्दाने मराठी क्रीडावाचकाच्या मनात ‘जलद’ची गाठ चेंडूच्या वेगाशी इतकी पक्की बांधली आहे की ‘जलद फ्री किक’ म्हटल्याबरोबर त्याच्या डोळ्यांपुढे बंदुकीच्या गोळीसारखा सुटलेला फटका येतो. छेत्रींचा फटका तसा मुळीच नव्हता; प्रतिस्पर्धी अजून भिंत, म्हणजे चेंडू अडवायला खेळाडूंची रांग, रचण्यात गुंतले असताना त्यांनी चेंडू अलगद उचलून रिकाम्या जाळीत सोडला. येथे वेग चेंडूचा नसून घेणाऱ्याच्या तयारीचा आहे. (जाता जाता: संस्कृतात ‘जलद’ म्हणजे ढग, आपला घाईचा ‘जलद’ अरबी-फारसी ‘जल्द’वरून आलेला आहे, आणि दोघांची गाठ केवळ योगायोगाने पडली आहे.)

‘झटपट’ त्यापेक्षा पुष्कळ बरा, कारण तो वस्तूचा वेग न सांगता कामाला लागलेला वेळ सांगतो. ‘झटपट क्रिकेट’मध्ये चेंडू अधिक वेगाने येत नाही, सामना लवकर आटोपतो. परंतु याच शब्दाने कांतीरवावरील वादाला निम्मे तेल पुरवले. केरळच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य आक्षेपच हा होता की फाउल झाल्यापासून बराच वेळ गेला होता, मग ही ‘झटपट’ कशी? शब्दाचा अर्थ धरून चालले तर आक्षेप बिनतोड आहे. नियम धरून चालले तर मात्र तो लागूच पडत नाही, आणि शब्द व नियम यांच्यातील ही फट कोठून आली ते पाहिल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

फुटबॉलच्या नियमांत फ्री किकचे प्रकार दोनच आहेत: प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष. ‘झटपट फ्री किक’ नावाचा तिसरा प्रकार तेथे नाही. तेराव्या नियमात जे आहे ते केवळ क्रियाविशेषण आहे: खेळाडूने फ्री किक झटकन घेतली आणि प्रतिस्पर्ध्यांनी चेंडूपासून राखायच्या ९.१५ मीटर अंतराच्या आत असलेल्या कोणी चेंडू अडवला, तर पंचांनी खेळ चालू ठेवावा. मात्र ती झटकन घेतली जाऊ नये म्हणून कोणी मुद्दाम आडवा आला, तर त्याला पिवळे कार्ड दाखवावे. किती सेकंदांच्या आत घेतली म्हणजे ‘झटकन’, याचा आकडा नियमात कोठेही नाही. आपण क्रियाविशेषणाचे विशेषण केले, विशेषणाला नाम चिकटवून एक संज्ञा तयार केली, आणि मग त्या संज्ञेला घड्याळ लावून बसलो.

‘फ्री’चा अर्थ येथे ‘फुकट’ नाही आणि ‘मुक्त’ही नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ साली केलेल्या पहिल्या नियमावलीत उडता चेंडू हाताने झेलण्याची मुभा होती. असा झेल घेणाऱ्याने ताबडतोब टाचेने जमिनीवर खूण केली की त्याला फ्री किकचा हक्क मिळे, आणि तो चेंडूला लाथ मारीपर्यंत विरुद्ध बाजूच्या कोणालाही त्या खुणेच्या पुढे येता येत नसे. म्हणजे कोणी अंगावर येत नसताना मारलेली किक ती ‘फ्री’. आपल्याकडील ‘मोकळा’ हा शब्द त्याच्या सर्वांत जवळचा. आजचे ९.१५ मीटर हे त्याच मोकळेपणाचे माप आहे. जुन्या हिशेबाने ते दहा वार, म्हणजे नऊवारी लुगड्याहून एक वार अधिक. हे अंतर मारणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. बचाव करणाऱ्यांना भिंत रचायला सवड मिळावी म्हणून ते कोणी ठेवलेले नाही. ज्याची सोय, त्याने ती नाकारली तर तक्रार कोणी करायची?

आता कांतीरवावरचा प्रसंग जरा जवळून पाहू. नव्वद मिनिटे गोलशून्य गेली होती आणि जादा वेळ सुरू होता. पेनल्टी क्षेत्राच्या जवळ बंगळूरुला फ्री किक मिळाली. चेंडू जमिनीवर ठेवलेला, केरळचा एड्रियन लुना त्याच्याजवळ घोटाळत असलेला, गोलरक्षक प्रभसुखन गिल भिंत लावण्यात गुंतलेला. सामन्यानंतर छेत्रींनी जे सांगितले त्याचा आशय असा, की मला शिट्टी नको आणि भिंतही नको असे मी पंचांना आधीच सांगितले होते, आणि लुनाने ते ऐकलेही होते. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला, तो परतला नाही, आणि सामना १-० असा बंगळूरुच्या नावावर गेला. पुढे त्याच महिन्याच्या अखेरीस अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी घातली.

येथे ‘शिट्टीपूर्वीच गोल’ हे वर्णन सर्वांत फसवे ठरते. एक तर शिट्टी वाजलीच होती, फाउलची. राहिली ती दुसरी शिट्टी, खेळ पुन्हा सुरू करण्याची, आणि ‘पूर्वी’ या शब्दातून असे ध्वनित होते की ती वाजणार होती आणि छेत्रींनी तिच्या आधीच काम उरकले. पाचव्या नियमानुसार बहुतेक फ्री किकना दुसऱ्या शिट्टीची गरजच नसते. पंचांनी कार्ड दाखवले असेल, कोणी जखमी झाला असेल, बदली खेळाडू आत आला असेल, किंवा पंच स्वतः अंतर मोजून भिंत मागे सरकवत असतील, तेव्हाच ती लागते. आपल्या मनात मात्र एसटीची घंटी बसलेली आहे: एक वाजली की गाडी थांबायची, दोन वाजल्याखेरीज हलायची नाही. बचाव करणारे अकराच्या अकरा जण त्या दुसऱ्या घंटीच्या भरवशावर पाठ फिरवून उभे राहतात. अनेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलो असताना असाच एक गोल झाला. माझ्या शेजारचे वयस्क गृहस्थ ताडकन उठून ‘शिट्टी कुठं झाली?’ म्हणून ओरडले, तेव्हा पुढच्या पायरीवरचा शाळकरी पोरगा मागे वळूनही न पाहता म्हणाला, ‘शिट्टी मागितलीया कुणी?’ या विषयावर मी पुष्कळ वाचले आहे, पण त्या ‘मागितलीया’इतका नेमका शब्द मला कोठे भेटला नाही. दुसरी शिट्टी ही बहुधा मागून घेण्याची वस्तू आहे. ज्याला दहा वारांची भिंत हवी त्याने ती मागावी आणि मग शिट्टीची वाट पाहावी.

म्हणून माझी शिफारस अशी की मथळ्यात ‘बिनशिट्टीची फ्री किक’ लिहावे आणि मजकुरात ‘दुसऱ्या शिट्टीची वाट न पाहता घेतलेली फ्री किक’. हा शब्द काही देखणा नाही, आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला कुकर आठवेल हेही मला ठाऊक आहे. पण तो वाद जेथे आहे तेथे बोट ठेवतो. किती सेकंद गेले हा वाद नसून पंचांनी अंतराचे काम आपल्या हाती घेतले होते की नव्हते, हा वाद आहे.

याच मोजपट्टीने जुनी उदाहरणे लावून पाहावीत. १२ डिसेंबर २००४ रोजी लंडनमधील हायबरी मैदानावर चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेक भिंत लावत असताना आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीने गोल केला. पंच ग्रॅहॅम पोल यांनी त्याला आधी विचारले होते की शिट्टीसाठी थांबणार की तशीच घेणार. चेल्सीचे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांचा संताप सामना २-२ असा सुटल्यावरही ओसरला नाही. २० फेब्रुवारी २००७ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये रायन गिग्जने मँचेस्टर युनायटेडसाठी लील या फ्रेंच क्लबविरुद्ध असाच गोल केला, तेव्हा लीलचे खेळाडू मैदान सोडण्याच्या बेताने कडेला गेले. पण ते परतले, खेळ पूर्ण झाला, आणि नंतर क्लबने केलेला निषेध युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने फेटाळला. दोन्ही ठिकाणी गोल कायम राहिला, आणि दोन्ही ठिकाणी चिडलेली बाजू तयार नव्हती. गल्लीतल्या खेळात अशा वेळी ‘टाइम प्लीज’ म्हणता येते. फुटबॉलमध्ये गाफील माणसाला तसे संरक्षण नाही.

आपल्या मित्रांचा ‘चोरटी’ मला त्यांना वाटतो त्याहून अधिक आवडतो, पण त्यांच्या अर्थाने नव्हे. त्यांना त्यातून लबाडी सुचवायची आहे. मराठीत मात्र ‘चोरटी धाव’ आहे, आणि ती घेणाऱ्याला आजवर कोणी चोर म्हटलेले नाही; क्षेत्ररक्षकाच्या सुस्तीचा अचूक अंदाज घेऊन काढलेली धाव म्हणून आपण तिचे कौतुकच करतो. त्या अर्थाने छेत्रींची फ्री किक चोरटीच होती. इतकेच नव्हे, तर फ्री किक घेताना प्रतिस्पर्ध्याला चकवण्यासाठी हुलकावणी देणे हाही खेळाचाच भाग आहे, असे नियम स्वतः म्हणतो. अडचण एवढीच की क्रिकेटच्या धावेला जे अभय मिळाले आहे ते फुटबॉलच्या बातमीत ‘चोरटी’ला अजून मिळालेले नाही, आणि हरलेल्या बाजूचा वाचक तो शब्द शब्दशः घेईल. गप्पांत वापरावा, बातमीत टाळावा.

‘वादग्रस्त’बद्दल मी थोडा हट्टी आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, व्याधिग्रस्त या मालिकेतला हा शब्द. ‘ग्रस्त’ म्हणजे ज्याला कशाने तरी ग्रासले आहे तो. पूरग्रस्त गावाने पूर आणलेला नसतो. निर्णय वादग्रस्त आहे याचा अर्थ त्याला वादाने घेरले आहे, एवढाच. तो चुकला की बरोबर होता, याविषयी शब्द काहीही सांगत नाही. प्रत्यक्षात मात्र लिहिणारा ‘वादग्रस्त’ लिहितो आणि वाचणारा ‘चुकीचा’ वाचतो, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही तेच हवे असते, फक्त जबाबदारी नको असते. निर्णय चुकला असे आपले मत असेल तर ‘चुकला’ असे लिहावे आणि नियमाच्या आधारे का ते सांगावे.

शेवटी क्रियापदाविषयी, कारण आपण सहज म्हणून का होईना विचारले आहे की फ्री किक ‘घ्यावी’ की ‘मारावी’. ‘घेणे’ हे इंग्रजीच्या नकलेतून आले अशी तक्रार ऐकू येते. ते खरे असले तरी त्याने माझे काही अडत नाही, कारण मुलांच्या खेळांत आपण डाव घेतो, राज्य घेतो. हक्क बजावण्यासाठी ‘घेणे’ आपल्याकडे पूर्वीपासून आहे. ‘मारणे’ पायाची क्रिया सांगते. जेथे हक्क आणि वेळ यांचा प्रश्न आहे तेथे ‘घेतली’, जेथे फटक्याचे वर्णन आहे तेथे ‘मारली’, असे ठेवले की दोन्ही शब्द आपापल्या जागी नीट बसतात: छेत्रींनी फ्री किक दुसऱ्या शिट्टीची वाट न पाहता घेतली, आणि मारली अगदी हळू.