सोसायटीचं ढोल पथक सरावात चांगलं वाजतं, पण बाहेर पडलं की विस्कटतं. काय चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या एका सोसायटीचं पथक, 25 ढोल, 5 ताशे, दोन झांजा. पार्किंगमध्ये सराव छान होतो. यंदा गणपतीच्या आगमनाला, सोसायटीच्या कार्यक्रमात आणि विसर्जनाला वाजवायचं आहे, पण रस्त्यावर पाच मिनिटांत मागच्या रांगा वेगळ्याच वाजू लागतात.

हातांत खोट नाही, रचनेत आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तुमची रांग 20 मीटर लांब झाली, तर पुढच्या ताशावर पडलेल्या काडीचा ठोका शेवटच्या ढोलवाल्याला सुमारे 6 शतांश सेकंद उशिरा ऐकू येते. लय चढली की सेकंदाला सात-आठ काड्या पडतात, म्हणजे मागचा माणूस जवळजवळ अर्धी काडी मागे. त्याचा उशिराचा ठोका उलट पुढे पोचायला पुन्हा तेवढाच वेळ जातो, आणि पुढच्याला वाटतं मागचे ओढताहेत. तो जोर लावतो, लय पळते, आणि झालं. पार्किंगमध्ये सगळे दहा-बारा पावलांत उभे असतात आणि वर छत घुमतं, म्हणून तिथे हे झाकलं जातं.

यावर पहिला उपाय म्हणजे ताशे पुढे नकोत. दोन-तीन रांगा ढोल, मग ताशे, मग उरलेले ढोल. सगळ्यात लांबचं अंतर निम्म्यावर येतं आणि उशीरही. दुसरा उपाय, शेवटच्या रांगांनी कानावर नाही, डोळ्यावर वाजवायचं. रांगेच्या बाजूने चालणारा एक माणूस ठेवा, तो हात उंच करून ठेका दाखवेल. ठेका बदलण्याआधी एक आवर्तन इशारा, मग मोकळा हात, मग बदल. ओरडून सांगितलेलं 25 ढोलांत कुणालाच ऐकू जात नाही. सरावही निदान दोन वेळा मोकळ्या मैदानावर, रस्त्यावरच्या रचनेत आणि चालत करा.

रुंदी रस्ता ठरवतो. ढोल कमरेला आडवा असतो, माणसागणिक दीड मीटर धरा. मेनरोडसारख्या ठिकाणी बाजूला बघे उभे राहिले की चारच्या वर माणसं मावत नाहीत. अशोक स्तंभाकडे रस्ता मोकळा झाला म्हणून तिथे सहाची रांग करायचा मोह होतो. करू नका, रचना बदलताना हमखास तुटते.

सोसायटीच्या कार्यक्रमात स्थिर वादन असेल तर दुसराच त्रास. समोर 20 मीटरवर इमारतीची भिंत असली की आवाज जाऊन परत यायला 12 शतांश सेकंद लागतात आणि प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. इमारत पाठीशी घ्या, तोंड मोकळ्या बाजूला. अर्धवर्तुळ करा, ताशे मध्ये, सगळ्यांना एकमेकांचे हात दिसले पाहिजेत. आठ-दहा मिनिटं पुरे. त्यापुढे ऐकणारे मोबाइल खिशात ठेवतात. बंद सभागृहात बोलावलं तर चार ढोल आणि दोन ताशांवर थांबा. पंचवीस नेले तर नुसता गडगडाट होईल.

आता ढोलाबद्दल. पान, म्हणजे ढोलाच्या तोंडावर ताणलेला पडदा, प्लॅस्टिकचं असेल तर पावसाची फार चिंता नाही. चामडी पान मात्र भाद्रपदातल्या हवेत नुसतं उभं असलं तरी सैल पडतं. तेव्हा लोक घाईने दोर ओढतात, तीच चूक. ओल्या पानाला ताण दिला की वाळताना ते आणखी आवळतं आणि कडेला फाटतं. आधी कोरड्या फडक्याने पुसा, ऊन किंवा वारा लागू द्या, मग ओढा. ओढतानाही एका बाजूने गोल फिरत जाऊ नका. दोर आवळणारी एक कडी सरकवली की पुढची तिच्या समोरची. एकाच अंगाला ताण गेला की पान तिरकं बसतं, आणि टिपरू (ढोल वाजवायची काठी) कुठेही मारलं तरी भद्द आवाज येतो.

टिपरू मध्यावर पडलं पाहिजे. दमलेल्या माणसाचा हात खाली घसरतो, टिपरू काठावर लागू लागतं, आणि पान तिथेच जातं. म्हणून 25 ढोलांमागे 40 वादक ठेवा आणि दर वीस मिनिटांनी बदला. आठ-दहा किलोचं ओझं कमरेला बांधून नाचत वाजवायचं असतं, हे उत्साहात विसरतं. मिरवणूक जिथून निघते त्या वाकडी बारवेपाशी ती सुटायची वाट बघताना ढोल खालीच राहू द्या. थापीच्या, म्हणजे टिपरू नसलेल्या हातातल्या अंगठ्या काढा, बोटांना चिकटपट्टी आधीच गुंडाळा, फोड आल्यावर नाही. ताशेवाल्यांना इअरप्लग द्या, कापसाच्या बोळ्याने काही भागत नाही.

सोबत न्यायचं: ताशाची दोन जादा पानं, माणशी काड्यांचे दोन जोड, चार टिपरू, दोर, ताशाच्या बोल्टचा पाना, ढोलांवर टाकायला प्लॅस्टिक. पाना हटकून घरी राहतो, तो ताशाच्या पिशवीलाच बांधून ठेवा. टेम्पोत ढोल एकमेकांवर रचू नका, एकाची कडी दुसऱ्याच्या पानात घुसते.

परवानगी मंडळ काढतं, तरी तिची एक प्रत पथकाकडे हवी. 'स्पीकर नाही, मग नियम कसला' हा गैरसमज सोडा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 ही बंदी वाद्यांनाही आहे. सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणते, हे त्या वर्षीच्या आदेशात बघा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं जाहीर केलेलं किमान 100 मीटरचं शांतता क्षेत्र आधीच चालत जाऊन पाहून ठेवा. तिथे झांजही न वाजवता पुढे सरकायचं.

'नाशिक ढोल' हे नाव केरळातल्या उत्सवांतसुद्धा चालतं, त्यामुळे नाशिकमध्येच पहिल्या वर्षी सहा ठेके बसवायचं दडपण घेतलं जातं. तीन बसवा. एक चालतीचा, एक चढता, एक थांबायचा. थांबायच्या ठेक्याचा सराव सगळ्यात जास्त, कारण 25 माणसं एकाच ठोक्यावर गप्प होणं सगळ्यात अवघड.

आणि घरी आल्यावर, मिसळीवर तुटून पडायच्या आधी, चामडी पानांचे दोर सैल करा.