शाफ्ट नरम का कडक, हे ठरवायचं कसं?

प्रश्न: दादा नमस्कार, मी भुसावळचा. आतापर्यंत पूल पार्लरच्या स्टिकवरच खेळलो, आता स्वतःची दोन पीसवाली क्यू (पूलची काठी) घ्यायचीये. जळगावला ओळखीतल्या एकाकडे दोन वापरलेल्या आहेत, दोन्ही मेपलच्या. आमच्यातला एक सिनियर शाफ्ट (क्यूचा पुढचा बारीक भाग) हातात घेऊन मधे दाबून बघतो आणि सांगतो की हा नरम आहे, साइड मारली (व्हाइट बॉलला मधोमध न मारता बाजूला मारलं) तरी व्हाइट कमी फाकेल, तो दुसरा कडक आहे, घेऊ नको भो. मी दाबून बघितलं तर मला दोन्ही सारखेच वाटले. खरं कसं ओळखायचं? आणि नरम शाफ्टने डिफ्लेक्शन, म्हणजे साइड मारल्यावर व्हाइटचं ते फाकणं, कमी होतं का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर: भाऊ, दोन्ही सारखे वाटले त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. दाबून बघताना बोटांना जे कळतं ते तुम्ही कुठे धरलं, किती जोर लावला, टिप (शाफ्टच्या टोकाचं चामडं) कशावर टेकवली यावरच जास्त असतं, त्यामुळे एकच शाफ्ट दोनदा दाबला तरी वेगळा वाटू शकतो. मापायचंच तर वजन टांगून मापा, घरच्या घरी होतं.

दोन्ही शाफ्ट बटपासून (मागच्या जाड भागापासून) सोडवा. एक शाफ्ट टेबलावर आडवा ठेवा, जॉइंटकडचा वीतभर भाग टेबलावर आणि बाकीचा बाहेर हवेत, आणि खाली-वर कापडाची घडी देऊन सुताराच्या क्लॅम्पने आवळा (जॉइंटच्या कॉलरवर, म्हणजे जोडाच्या कड्यावर, क्लॅम्प लावू नका, त्याच्या पुढे लाकडावर लावा). आता टिपपासून इंचभर मागे सुतळीने अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली टांगा. शेजारी स्टीलची पट्टी उभी धरून टिप आधी कुठल्या रेघेवर होती आणि बाटली टांगल्यावर कुठे आली ते लिहून ठेवा, फरक काही मिलिमीटरच येईल पण दोन शाफ्टमधला फरक दाखवायला तेवढा पुरतो. मग क्लॅम्प सैल करून शाफ्ट पाव फेरा फिरवा आणि परत मापा, कारण अखंड लाकडाचा शाफ्ट रेषा कशा गेल्यात त्याप्रमाणे एका बाजूने जास्त लवतो आणि दुसऱ्या बाजूने कमी. याचसाठी काही कंपन्या लाकडाच्या पाचरी गोलाकार चिकटवून शाफ्ट बनवतात, म्हणजे कसाही फिरवला तरी सारखाच लवावा.

दुसरा शाफ्ट लावताना बाहेरची लांबी अगदी तेवढीच ठेवा, यात ढिलाई चालत नाही. सरळ दांड्याचा वाक लांबीच्या घनात वाढतो, म्हणजे दहा टक्के जास्त बाहेर राहिला तर वाक एक तृतीयांशाने वाढणार आणि तुम्ही उगाच म्हणणार हा नरम आहे. जाडीचं तर याहून भारी आहे, तिथे चौथा घात लागतो. 13 मिमीचा आणि 12 मिमीचा शाफ्ट, लाकूड एकच, घडण एकच, तरी 12 वाला साधारण 38 टक्के जास्त लवतो. म्हणून बाटली टांगायच्या आधी कॅलिपर लावा, टिपजवळ एकदा आणि तिथून दहा-बारा इंच मागे एकदा. दोन्हीकडे जाडी जवळपास सारखीच निघाली तर तो प्रो टेपर, पुढचा भाग बारीकच राहतो म्हणून जास्त लवतो. मागे जाताजाता लगेच जाड होत गेला तर कोनिकल, तो कडक लागतो. तुमच्या सिनियरला जो फरक जाणवतोय तो बहुतेक टेपरचाच (जाडी कशी वाढत जाते त्याचाच) असणार, लाकडाचा नाही.

कॅलिपर-बाटली काहीच नसेल तर शाळेत बाकाच्या कडेवर पट्टी धरून टंग्‌कन उडवायचो ना, तसं शाफ्टचं टोक खाली दाबून सोडा. थरथर भरभर झाली तर कडक, संथ झाली तर नरम किंवा टोकाला जड. हे 'किंवा' महत्त्वाचं आहे, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथेच येतो.

नरम शाफ्ट म्हणजे कमी डिफ्लेक्शन, हे पार्लरमधे सगळे बोलतात पण ते तसं नाही. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो वेळ एक-दोन मिलिसेकंदाचा. उजवी साइड मारली की टिपला बॉलसोबत बाजूला सरकावं लागतं, आणि ती हालचाल शाफ्टमधून मागे पसरेपर्यंत बॉल सुटून गेलेला असतो, म्हणून हिशोबात फक्त टिपकडचे थोडेसे इंच येतात. तो तुकडा जेवढा जड तेवढा तो सरकायला आढेवेढे घेतो आणि व्हाइटला डावीकडे ढकलतो. म्हणजे खरी गोष्ट टोकाच्या वजनाची आहे. टोक बारीक केलं की वजनही घटतं आणि लवचिकपणाही वाढतो, दोन्ही एकत्र होतात म्हणून लोकांना वाटतं नरमपणामुळेच झालं. कार्बन फायबरचे शाफ्ट बघा, जाडीच्या मानाने चांगलेच कडक असतात, तरी त्यांचं डिफ्लेक्शन कमी, कारण नळी आतून पोकळ आणि टोक हलकं. लो डिफ्लेक्शनवाल्या लाकडी शाफ्टमधेही टोक आतून कोरतात, फेरूल (टिपखालची नळी) आखूड आणि हलकं लावतात.

मग तुम्ही काय करायचं? दोन्ही क्यू टेबलावर नेऊन खेळून बघा. व्हाइट हेड स्पॉटवर (ब्रेक मारतो त्या बाजूच्या खुणेवर) ठेवा, एक बॉल समोरच्या छोट्या कुशनला लावून सरळ रेषेत ठेवा, आधी मधोमध मारून सरळ लागतो याची खात्री करा. मग क्यू समांतर सरकवून साइड द्या, बट जमेल तेवढं आडवं ठेवा आणि शॉट जोरात मारा, हळू मारला तर व्हाइट वळून परत येतो आणि काही कळत नाही. दोन्ही क्यूने तेवढीच साइड, तेवढाच जोर. जिच्याने व्हाइट बाजूला कमी जातो ती कमी डिफ्लेक्शनची, मग हाताला नरम लागो नाहीतर कडक. आणि टिप बघायला विसरू नका, एकीला मऊ टिप आणि दुसरीला कडक टिप असेल तर फटका वेगळा लागतो, आवाज वेगळा येतो आणि माणूस त्याचं खापर शाफ्टवर फोडतो. माझं मत विचाराल तर वापरलेल्या क्यूमधे लवचिकपणापेक्षा सरळपणा आधी बघा, मग टेबलावरचा शॉट, मग बाटली.

प्रश्न: माझा शाफ्ट घामाने चिकट होतो. एक जण म्हणे पॉलिश पेपर मार, गुळगुळीत पण होईल आणि जरा नरम पण. मारू का? – धुळ्याहून

उत्तर: नरम करायला म्हणून अजिबात नको. वर गणित दिलंच आहे, 13 चा 12.75 झाला, म्हणजे पाव मिलिमीटर गेला, तरी शाफ्ट आठेक टक्के जास्त लवायला लागतो आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. शिवाय हाताने घासताना एकीकडे जास्त एकीकडे कमी असं होतंच, मग गोलपणा जातो. ओल्या फडक्याचा पिळून काढलेला कोपरा फिरवा, लगेच कोरड्याने पुसा, मग साध्या कागदाने किंवा चामड्याच्या तुकड्याने गरम होईस्तोवर घासा. तरी चिकटला तर ग्लोव्ह घ्या.

प्रश्न: मे महिन्यात क्यू गाडीच्या डिकीत राहिली, आता टेबलावर फिरवली की टिप वर-खाली उड्या मारते. शाफ्ट नरम पडला का? – चाळीसगावचा वाचक

उत्तर: नरम नाही पडला, वाकलाय, हे वेगळं. आपल्याकडे मे मधे 44-45 डिग्री असतं, बंद डिकीत त्याच्याही वर, लाकडातला ओलावा एका बाजूने जास्त उडतो आणि ती बाजू आक्रसते. आधी बट आणि शाफ्ट वेगवेगळे फिरवून बघा, दोन्ही सरळ निघाले तर खोट जॉइंटमधे आहे आणि ते काम चांगला कारागीर करून देतो. शाफ्टच वाकडा असेल तर गरम करून उलटा वाकवायच्या भानगडीत पडू नका, पावसाळ्यात हवा ओली झाली की तो परत फिरतो. त्याच पिनचा (जॉइंटच्या स्क्रूचा) दुसरा शाफ्ट मिळतो का बघा, बट तेच चालेल. आणि केसमधे घालून घरातच, भिंतीला टेकवून ठेवू नका, आडवी किंवा टांगून ठेवा.