भाचीला शिव्या देणारं निनावी खातं तिचंच निघालं. आता काय करावं?

नववीतल्या भाचीला इन्स्टाग्रामवर घाणेरडे मेसेज येत होते, तुम्ही पोलिसांत जायच्या बेतात होतात आणि खातं तिनेच उघडलेलं निघालं. हे नाटक आहे का, फोन काढून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्येच शाळेत समुपदेशक आहे, म्हणून लिहिते.

नाटक हा शब्द घरात कुणी तोंडातूनही काढू नये. अशी मुलं बरीच असतात. हिंदुजा आणि पॅचिन या संशोधकांनी 2017 मध्ये अमेरिकेतल्या 12 ते 17 वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात साधारण 6 टक्के मुलांनी स्वतःबद्दल निनावी राहून वाईट लिहिल्याचं सांगितलं. ज्यांचा आधी ऑनलाइन छळ झाला होता, त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी पट जास्त होतं. म्हणजे खातं तिचं असलं, तरी ते शब्द तिला आधी कुणी ऐकवले हे शोधायचं राहतंच.

माझ्याकडे आलेली एक मुलगी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत बराच वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली, "मॅडम, त्यांनी लिहिण्याआधी मीच लिहिलं की कमी लागतं." तिच्या रंगावरून वर्गाच्या ग्रुपवर चाललेली टिंगल त्यानंतर बाहेर आली. काही मुलांना आपल्या बाजूने कोण उभं राहतं हे बघायचं असतं. मला त्यातही लबाडी दिसत नाही. "मला त्रास होतोय" हे सरळ सांगता येत नाही, म्हणून ती असं करतात.

भाची ज्यांच्याशी मोकळेपणी बोलते त्यांनी एकट्यानेच बोलावं, सगळ्या घराने घेरून नको. "तू का केलंस?" असं विचारलं की मूल मिटतं. "हे वाचून मला काळजी वाटली, असं तुला कोण म्हणतं?" इथून सुरुवात करा. जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्याने तसं मनात येत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सिव्हिलला मानसोपचार विभागात न्या. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लागतो, मोफत आहे, मराठीत बोलतात. तसं काही नसलं तरी समुपदेशकाला एकदा भेटवाच.

फोन काढून घेऊ नका. शिक्षा झाली की पुढचं खातं तुम्हाला कळणारही नाही. रात्री तो हॉलमध्ये चार्जिंगला राहील, एवढं तिच्याशी बोलून ठरवा. आणि मेसेज पुसू नका. वर्गातलं कुणी छळत असेल तर शाळेला दाखवायला लागतील.