चावी हातात, इंजिन चालूच

प्रश्न : बाबांची १९८३ ची मर्सिडीज २४० डी आहे, मोतिया रंगाची. भाचीच्या लग्नाला तीच काढली. हॉलच्या दारात चावी काढून घेतली, तरी इंजिन घुरघुरतच राहिलं. शेवटी ड्रायव्हरनं गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडला, तेव्हा एक गचका देऊन बंद पडलं. अख्खं वऱ्हाड हसलं. मिस्त्री म्हणतो, डिझेल पंप बदला. बदलू का? — सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, पंपाला कुणालाही हात लावू देऊ नका. हाच सल्ला ऐकून मी एकदा पंप उतरवला, दीड महिना गाडी वीट लावून उभी राहिली, आणि दोष निघाला डिझेलच्या टाकीच्या झाकणात! गॅरेजचं नाव सांगत नाही, माणूस अजून पोह्याच्या दुकानावर भेटतो.

पेट्रोलच्या गाडीत चावी फिरवली की ठिणगी तुटते आणि काम संपतं. डिझेलला ठिणगी नसतेच, तिथं डिझेल तोडावं लागतं. तुमच्या गाडीत ते तोडण्याचं काम व्हॅक्यूम, म्हणजे हवा शोषून तयार केलेली ओढ, करतो. इंजिनच्या तोंडाशी एक व्हॅक्यूम पंप आहे. त्याच्याच जोरावर ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टर चालतो, चारी दारं, डिकी आणि टाकीच्या झाकणाची कुलुपं एकदम लागतात, आणि चावी काढल्यावर इंजिनही बंद होतं. एकाच घागरीवर तीन घरं पाणी भरतात म्हणा ना. कुठल्या तरी दाराच्या आत रबराचा पडदा फाटला की हवा शिरते आणि चावीच्या वाट्याला ओढच उरत नाही.

आता तपासणी. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या जाड नळीला बारीक प्लास्टिकच्या नळ्या फुटतात. त्यातली कुलुपांकडे जाणारी काढा आणि तिथलं तोंड घट्ट बंद करा. गाडी चालू करा, मिनिटभर थांबा, चावी काढा. इंजिन झटकन बंद झालं तर चोर कुलुपांच्या घरात आहे. मग एकेका दाराची नळी सोडवून तोंडानं हवा ओढायची आणि जिभेनं टोक झाकायचं. जीभ चिकटून राहिली तर ती शाखा शाबूत, सुटली तर फाटका पडदा तिथंच. बायको हसते, हसू द्या. नळीत तेल दिसलं तर मात्र तोंड लावू नका. तेल म्हणजे डिझेल पंपाच्या मागचा, इंजिन बंद करणारा छोटा डबाच फाटलाय. तो डबा तेवढा बदलायचा, अख्खा पंप नव्हे.

आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं असेल तर कुलुपं विसरा, आधी व्हॅक्यूम पंप बघा. तो जीवाचा प्रश्न आहे.

तोपर्यंत ड्रायव्हरला सांगा, क्लच सोडून इंजिनचा गळा दाबू नको. बोनेटखाली ‘स्टॉप’ लिहिलेली लहानशी दांडी आहे, ती दाबली की झालं. पुढच्या लग्नात एक पोरगा बोनेटपाशी उभा करा.

प्रश्न : त्याच जातीची गाडी. ट्रॅक्सचे पार्ट बसतात असं छावणीतला एक जण म्हणाला. थाप का? — महू

उत्तर : थाप नाही. २४० डी च्या इंजिनचं नाव ओएम ६१६. तेच इंजिन बजाज टेम्पोनं (आता फोर्स मोटर्स) परवान्यावर भारतात बनवलं आणि ट्रॅक्समध्ये, ट्रॅव्हलरमध्ये घातलं. ट्रॅव्हलरचा कारखाना तर आपल्या पीथमपूरचा, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. श्टुटगार्टची गाडी आणि खेड्यातली वडाप सख्ख्या बहिणी निघाल्या, यात मला फार गंमत वाटते. मात्र नुसतं ‘ट्रॅक्सचा द्या’ म्हणू नका. पुढच्या काळात ते इंजिन बरंच बदललं. जुना पार्ट पुसून पिशवीत घाला, काउंटरवर नव्याशेजारी ठेवा, भोकं मोजा. इंजिनच्या पोटातलं सामान जुळण्याची आशा जास्त. तेलाची टाकी, माउंटिंग, फिल्टरचं घर हे बाहेरचं गृहीत धरू नका. व्हॉल्व्हच्या सेटिंगला १४ नंबरचे दोन पाने लागतात, वाकवलेले. लोहारानं मला चहाच्या पैशात वाकवून दिले.

प्रश्न : आजोबांची १९६७ ची फोक्सवॅगन बीटल नीट करतोय. होळकरांच्या गाड्यांसारखी नारिंगी-काळी रंगवावी असं मनात आहे. नोंदणीत अडचण येईल का? — ग्वाल्हेर

उत्तर : ग्वाल्हेरच्या माणसानं होळकरांचा रंग मागावा, म्हणजे शिंद्यांच्या अंगणात तुम्ही धाडस करताय! यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग नारिंगी-काळी होती खरी, पण ती अमेरिकन. बुगाटी फ्रान्सची. त्यांच्याकडचं जर्मन म्हणाल तर माणिकबाग महाल. तो बर्लिनच्या एकार्ट मुथेझिउसनं बांधला, आणि आज तिथं करखात्याच्या फायली असतात.

रंग बदलला की आरसीवर नोंदवावा लागतो, तेवढं करा. खरा प्रश्न वेगळाच आहे. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही, आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, डिझेल-पेट्रोल आणि दुरुस्ती, इतकंच. म्हणून आधी ठरवा, आजोबांच्या गाडीनं भाजी आणायची आहे की बक्षीस. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याला लक्ष्मीविलासच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता. तिथं चकाकीपेक्षा गाडी मूळ रूपात किती उरली आहे ते बघतात. माझं मत विचाराल तर बॉनेटखालचा – चुकलो, बीटलचं इंजिन मागे, तर डिकीतला – मूळ रंगाचा वीतभर तुकडा तसाच राखा. नातू विचारेल.

प्रश्न : माझी पोलो जीटी टीएसआय, ऑटोमॅटिक. रिमॅप, मोठा सायलेन्सर आणि ‘जीटीआय’चा बिल्ला लावायचा आहे. — विजयनगर, इंदूर

उत्तर : भिया, बिल्ल्यापासून सुरू करू. खरी पोलो जीटीआय भारतात २०१६ मध्ये आली, तीन दारांची, १.८ लिटर, ताकद १९२ पीएस. तुमची १.२ लिटरची असेल तर १०५. फिक्या शेवेच्या पुड्यावर ‘लौंग सेव’ लिहून काय होणार? पहिला घास खाणारा ओळखतो.

सायलेन्सर नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल नाही असं बजावलं आहे. रिमॅपचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवण्याचं म्हणाल, तर १.२ लिटरवाल्या गाडीच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन क्लच आहेत आणि ते कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. राजवाड्याच्या गर्दीत ब्रेक अर्धवट सोडून गाडी मुंगीसारखी सरकवली की ते घासतात, तापतात. त्यावर आणखी टॉर्क लादू नका. पुढच्या गाडीशी अंतर पडू द्या, मग एकदाच पुढे जा. थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटतो. ते पैसे चांगल्या टायरांत आणि ब्रेक पॅडमध्ये घाला. मजा वळणावर येते, ती सिमरोलच्या घाटात बघा, सकाळी सहाला.

प्रश्न : पावसात पायाखाली पाणी साचतं. काचेचं रबर नवं आहे. — देवास

उत्तर : काचेखालची जाळी उचला. तिच्याखालच्या चराला दोन्ही टोकांना पाणी निघायच्या वाटा असतात, त्या पानांनी तुंबतात. मग पाणी आत येतं, गालिच्याखाली मुरतं, आणि फरशीचा पत्रा खालून नव्हे, वरून कुजतो. गालिचा उचलून उन्हात टाका, खालचा स्पंज पिळून बघा. माझी गाडी कडुनिंबाखाली उभी असते. मागच्या जुलैत त्या चरातून सुकलेल्या निंबोळ्या निघाल्या, आणि एकीला कोंब फुटला होता.