एकच नको, जोडी न्या

ताई, मांजरीच्या तीन पिल्लांपैकी एकच नेणार म्हणालात, पण जमत असेल तर दोन न्या. किती जोरात चावायचं हे ती एकमेकांशी मस्ती करताना शिकतात. गाईचं दूध मात्र देऊ नका. जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी झपाट्याने कमी होतं.

सुरुवातीला एकाच खोलीत ठेवा. आमची मनी दीड दिवस पलंगाखालून हलली नव्हती. मी जमिनीवर नुसती वाचत बसायचे. दुसऱ्या रात्री तळपायाला गार, ओलं नाक लागलं. ओढून काढलं असतं तर ते कधीच झालं नसतं.

खिडकीच्या ग्रिलवर भरवसा नको. डोकं गेलं की अख्खं पिल्लू बाहेर जातं, आधी जाळी बसवा. लसी साधारण 8 आठवड्यांपासून सुरू होतात. नसबंदीचं 5-6 महिन्यांच्या आत डॉक्टरांशी बोलून ठरवा.

हाताने खेळवू नका, काठीला चिंधी बांधा. झोपायच्या आधी दहा मिनिटं दमवा, मग जेवण द्या. रात्रीची पळापळ कमी होते. लोकर, दोरा मात्र लगेच उचलून ठेवा. गिळला तर आतडी आवळली जातात आणि ऑपरेशनची वेळ येते.