चेलोची टेप किंचाळते, काय करावं?

प्रश्न : आमच्या मंडळाकडे १९७०च्या दशकातल्या प्रायोगिक चेलोवादनाची पाव इंची स्पूल टेप आहे. लावली की किंचाळते, हेडवर तपकिरी चिकटा बसतो. शिवाय निम्मा वेळ नुसती खरखर. सॉफ्टवेअरने काढावी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी मशीन बंद करा, प्रत्येक फेरीत थोडं ध्वनिमुद्रण खरवडून जातंय. टेपवरचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय कण चिकटवून ठेवणारा थर, हवेतला ओलावा धरून मऊ झालाय. तो ओलावा घालवायला टेप तापवतात, पण आधी ती कोणत्या प्लास्टिकची आहे ते पाहा. स्पूल कडेने उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर टेप अॅसिटेटची, ती अजिबात तापवायची नाही. पॉलिएस्टर असेल तर स्थिर ५४ अंश सेल्सियसला सुमारे ८ तास तापवायची, मग तेवढाच वेळ निवू द्यायची. स्वयंपाकाचा ओव्हन नको, त्याचं तापमान वरखाली होतं. आणि सोलापूरचं ऊन फुकट आहे म्हणून गच्चीवर तर नकोच! यानंतर टेप वाजवायला थोडेच दिवस मिळतात, तेवढ्यात तिची डिजिटल प्रत, म्हणजे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल, करून घ्या.

खरखरीला मात्र हात लावू नका. जर्मन संगीतकार हेल्मुट लाखेनमान यांच्या ‘प्रेसिओन’ या १९६९च्या चेलोरचनेत गज तारेवर दाबून घासणं हेच संगीत आहे; नॉइज रिडक्शन नेमकं तेच पुसतं.

टेप कोणत्या वेगाने वाजवायची हे सुरावरून ठरवू नका. चेलोची खालची तार साधारण ६५ हर्ट्झची, पण अशा वादनात ती मुद्दाम उतरवलेली असू शकते. मुद्रणात शिरलेली विजेची घूं ऐका : युरोपातलं मुद्रण असेल तर ती ५० हर्ट्झला, अमेरिकेतलं असेल तर ६०ला बसायला हवी.